आधी पाणी, मग रजा

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात सहलीचा बेत सुट्ट्यांच्या यादीपासून सुरू होतो. डिसेंबरात नवं कालनिर्णय घरात आलं की शनिवार-रविवारला जोडून येणाऱ्या सुट्ट्यांवर खुणा होतात, मुलांच्या परीक्षा ताडून पाहिल्या जातात, रजा किती उरली याचा हिशेब होतो आणि सगळ्यात शेवटी ‘जायचं कुठे’ हा प्रश्न येतो. महाबळेश्वरला किंवा अष्टविनायकाला जायचं असेल तर हा क्रम चालून जातो. पण गेल्या काही वर्षांत या यादीत स्कूबा डायव्हिंग आलं आहे. मालवण-तारकर्ली रात्रीच्या गाडीने गाठता येतं, आणि अंदमान-लक्षद्वीप हीसुद्धा आता मध्यमवर्गीय घरात सहज बोलली जाणारी नावं आहेत. माझं म्हणणं असं, की पाण्याखाली जायचं असेल तर हा क्रम उलटा करायला हवा. आधी पाण्याचा हंगाम पाहावा, मग रजेचा अर्ज लिहावा. तारीख आणि जागा यांतली एकच गोष्ट आपल्या हातात असते. एक आपण ठरवली की दुसरी वारा आणि पाणी ठरवतात. दोन्ही आपणच ठरवू गेलो तर पैसे जातात, आणि कधी कधी जिवावर बेततं.

याला विरोध करणारा पक्ष मोठा आहे आणि त्याची बाजू दुबळी नाही. तो म्हणतो, “अहो, तुम्ही समुद्राचं सांगता, पण आमच्या घरात दोघंही नोकरी करतात. रोज लोकलने जाऊन-येऊन तीन तास मोडतात. सलग आठ दिवस सगळे एकत्र मोकळे सापडतात ते वर्षातून दोनदाच, दिवाळीत आणि मे महिन्यात. जानेवारी-फेब्रुवारीत शाळेत स्नेहसंमेलनं आणि सराव परीक्षा, मार्चला ऑफिसात वर्षअखेर, एप्रिलला वार्षिक परीक्षा. तुमचा हंगाम आमच्या कामाचा नाही. आणि मालवणचे बोटवाले दिवाळीतही बोटी सोडतात, मेमध्येही सोडतात. धोका असता तर सरकारने बंदी घातली नसती का? त्यांना समुद्र कळतो. आपण डोंबिवलीत बसून त्यांना काय शिकवणार?”

रजेचा मुद्दा खरा आहे आणि त्याला उत्तर द्यावंच लागेल, पण तो पुढे घेतो. आधी बंदीचा मुद्दा. आपल्या किनाऱ्यावरची प्रवासी आणि पर्यटनाची जलवाहतूक मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असते. ही मर्यादा पाणी धोकादायक होतं तिथे आखलेली आहे. तिच्या अलीकडचा प्रत्येक दिवस चांगला, अशी हमी ती देत नाही. २४ मे २०२२ रोजी, म्हणजे बंदी अगदी तोंडावर आली असताना, तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जूनची, म्हणजे पाऊस सोळा दिवस आधी आला. त्याआधीच्या आठवड्यातच कोकणात पाऊस आणि वारा यांनी समुद्र उचलला होता. दिवाळीकडूनही तेच. २०१९मध्ये लक्ष्मीपूजनाच्या दोन-तीन दिवस आधी ‘क्यार’ चक्रीवादळाच्या लाटा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर येऊन आदळल्या. वादळ जमिनीवर आलंच नाही, तरी देवबागसारख्या गावांत पाणी शिरलं. मे आणि दिवाळी या हंगामाच्या दोन कडा आहेत. आपली सुट्टी नेमकी त्या कडांवर येते, हे आपलं दुर्दैव असलं तरी समुद्राला त्याचं काही नसतं. राहिला बोटवाल्यांचा प्रश्न. त्यांना समुद्र आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतो, याबद्दल वाद नाही. पण गिऱ्हाईक ज्या दिवशी येतं त्या दिवशी त्यांना बोट सोडावी लागते. दीडशे घरांनी मेचा शेवटचा आठवडा धरला तर किनाऱ्यावरच्या माणसाच्या पोटाची आणि अनुभवाची ओढाताण होते. ती आपण लादतो.

“बरं, वादळ काही रोज येत नाही. ते सोडलं तर ऑक्टोबरअखेरच्या पाण्यात काय वाईट आहे?” याचं उत्तर पाण्याच्या वर नाही, आत शोधावं लागतं. स्कूबात पाहायला जातो ते पाण्याच्या आत, म्हणून लाट नसणं पुरेसं नाही, पाणी निवळलेलंही हवं. मालवणच्या उत्तरेला गड नदी कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते, दक्षिणेला देवबागजवळ कर्ली मिळते. चार महिन्यांच्या पावसात या नद्या सह्याद्रीची माती घेऊन येतात आणि ती किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पसरते. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर धरली जाते, दक्षिण कोकणात तो आणखी काही दिवस रेंगाळतो. गाळ खाली बसायला त्यानंतरही वेळ लागतो. म्हणून दिवाळी लवकर आली की सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडकांवर उतरणाऱ्याला हिरवट गढूळपणा आणि समोरच्या प्रशिक्षकाचा हात यापलीकडे फारसं दिसत नाही. डिसेंबर उजाडला की चित्र बदलतं. थंडीत रात्री जमीन समुद्रापेक्षा जास्त निवते, पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. या मतलई वाऱ्याने किनाऱ्याजवळची लाट दबते आणि सकाळी अकरापर्यंत समुद्र सपाट असतो. दुपारी खारा वारा सुरू झाला की पुन्हा लहरी उठतात. एप्रिलअखेरीपासून हा खारा वारा लवकर सुरू होतो, जोरात वाहतो, आणि सकाळचे चांगले तास आखडत जातात. डिसेंबर ते मार्च हा मालवणच्या पाण्याचा गाभा आहे तो या साध्या कारणांमुळे, कुणाच्या आवडीनिवडीमुळे नाही.

हा वाऱ्याचा हिशेब कल्याणच्या माणसाला परका वाटावा, याचं मला वाईट वाटतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकामार्गदर्शिकेत कल्याणचं नाव बंदर म्हणून येतं, सहाव्या शतकातला कॉस्मसही त्याचा उल्लेख करतो. त्या काळी इजिप्तकडून येणारी जहाजं जुलैच्या सुमारास निघून नैर्ऋत्य वाऱ्यावर हिंदुस्थान गाठत आणि हिवाळ्यात ईशान्य वारे सुटले की परतत. व्यापाऱ्याची सोय तिथे कुणी विचारत नव्हतं. शिवाजी महाराजांनी १६५७मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर इथल्याच खाडीच्या आश्रयाने मराठी आरमाराची उभारणी सुरू झाली, आणि ते आरमारही पावसाळ्यात नांगरून राहत असे. आजही ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला नारळ समुद्राला दिला जातो, तो समुद्र पुन्हा उघडण्याच्या वेळेला. ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांनी आपलं वर्षच त्याच्या वर्षाला जोडून घेतलं. आपण तिथे चार दिवसांचे पाहुणे, मग आपण निदान तेवढं मानायला काय हरकत आहे? कोकण रेल्वेसुद्धा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वेगळं, सावकाश वेळापत्रक चालवते आणि आपण ते तक्रार न करता मान्य करतो.

हंगाम ठरला तरी काम संपत नाही. हंगामाच्या आतही दिवस सारखे नसतात. भरती-ओहोटीचा आवाका अमावास्या-पौर्णिमेला सर्वात मोठा असतो आणि अष्टमीच्या आसपास सर्वात लहान. पहिल्याला उधाण म्हणतात, दुसऱ्याला भांग. ठाणेकराला उधाण पावसाळ्यात कळतं, खाडी भरते आणि नाल्यांचं पाणी उलटं रस्त्यावर येतं तेव्हा. मालवणला भरतीचा फरक मुंबईइतका मोठा नसतो, तरीही उधाणाच्या ओहोटीला खाड्यांचं गढूळ पाणी अधिक जोराने बाहेर येतं आणि खडकांमधून ओढ वाढते. नवख्या माणसाला हे दोन्ही नको असतं. आता आपले सण पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, होळी पौर्णिमेला, महाशिवरात्र अमावास्येच्या आदल्या दिवशी, गुढीपाडवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. ज्या सणांना जोडून आपण बेत आखतो ते जवळजवळ सगळे उधाणावर येतात. हा योगायोग नाही. आपली पंचांगं आणि भरती दोन्ही चंद्रावर चालतात, त्यामुळे हे दरवर्षी असंच होणार. याची दुसरी बाजूही आहे. रामनवमी शुद्ध नवमीला, म्हणजे भांगावर येते, आणि मार्चअखेर ते एप्रिल या चांगल्या काळात येते. दिवाळीतही लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी निघण्याऐवजी आठवडाभराने, शुद्ध अष्टमीच्या आगेमागे पाण्यात उतरलं तर ओढ कमी असते आणि गाळ बसायलाही तेवढेच दिवस जास्त मिळतात. तिथी कालनिर्णयावर छापलेली असते. आपण तिच्यात फक्त चतुर्थी आणि एकादशी शोधतो.

“मग मालवण सोडा. आम्ही अंदमानला जाऊ, तिथे पाणी बारा महिने काचेसारखं.” हा समज फार पसरलेला आहे आणि तो महागात पडतो. अंदमान दुसऱ्या समुद्रात आहे, त्याचं वर्षही दुसरं आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळच्या आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथे पोहोचतो. तो गेला असं वाटेपर्यंत ईशान्य मोसमी वारे येतात, आणि बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जास्त असतात. सरकारच्या मासेमारीबंदीच्या तारखा पाहिल्या तर हे दोन समुद्र किती वेगळे चालतात ते कागदावर दिसतं : पश्चिम किनारा आणि लक्षद्वीप यांना १ जून ते ३१ जुलै, पूर्व किनारा आणि अंदमान-निकोबार यांना १५ एप्रिल ते १४ जून. बंदी माशांच्या विणीसाठी आहे, पण दोन्ही बाजूंना एकच तारीख लावता आली नाही, हे महत्त्वाचं. डिसेंबर २०१६च्या पहिल्या पंधरवड्यात खराब हवामानामुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले, फेऱ्या बंद पडल्या, आणि त्यांना काढायला नौदल आणि तटरक्षक दलाची जहाजं पाठवावी लागली. बेटावर अडकणं म्हणजे कसाऱ्याला गाडी थांबणं नव्हे, दुसरी वाट नसते. जानेवारी ते एप्रिल हा अंदमानचा खात्रीचा काळ, त्यातही फेब्रुवारी-मार्च उत्तम. तोही लांब वीकएंडला बसत नाही. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी, अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान अठरा तास जमिनीवर काढायचे असतात, नाहीतर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. मुंबईहून श्री विजयपुरमची (पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरची) विमानं, तिथून स्वराज द्वीपची, म्हणजे हॅवलॉकची, फेरी, परतीचा तेवढाच प्रवास आणि शेवटचा कोरडा दिवस धरला तर शुक्रवार-सोमवारच्या चार दिवसांत हातात काहीच उरत नाही. लक्षद्वीपला परवाना लागतो, जागा मोजक्या, पण ऑक्टोबरअखेर ते एप्रिल पाणी सुरेख. ज्यांना दिवाळीशिवाय पर्यायच नाही त्यांनी अंदमानपेक्षा लक्षद्वीपची चौकशी आधी करावी.

यावर एक नवा आक्षेप हल्ली वारंवार येतो आणि तो मला सर्वात गंभीर वाटतो. “ऋतूच राहिले नाहीत. पाऊस मेमध्ये येतो, वादळं दिवाळीत येतात. मग हंगामाचा अभ्यास कशाला? नशिबावर सोडावं आणि जावं.” बदल झाला आहे हे खरंच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२१मध्ये मांडलं, की अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. पण ही वादळं वर्षभर विखुरलेली नाहीत. ती बहुतांशी मे-जून आणि ऑक्टोबर-डिसेंबर या दोन खिडक्यांत येतात. ‘तौक्ते’ मे २०२१मध्ये, ‘निसर्ग’ ३ जून २०२०ला, ‘क्यार’ आणि ‘महा’ २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ‘ओखी’ २०१७च्या नोव्हेंबरअखेरीस. जानेवारी ते मार्च या काळात आपल्या किनाऱ्याला अशी नावं आठवत नाहीत. कडा झिजल्या, गाभा टिकला. म्हणून हवामान बदलतंय याचा अर्थ अभ्यास सोडावा असा होत नाही, कडांवरून आत सरकावं असा होतो. आत सरकूनही निघण्याच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चा लाटांचा अंदाज पाहावाच. मे २०२४च्या पहिल्या आठवड्यात आभाळ निरभ्र, वारा नेहमीचा आणि तरीही केरळपासून मुंबईपर्यंत उंच लाटांचा इशारा होता. त्या लाटा दूर दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी हाकललेल्या होत्या. नुसतं आभाळ पाहून समुद्र कळत नाही.

मे महिन्याविरुद्ध आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या सोयीचं नाही, तिथल्या जिवांच्या बाजूचं आहे. एप्रिल-मेमध्ये समुद्र सर्वात तापलेला असतो. ताप वाढला की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत आपल्या बेटांवरच्या प्रवाळांनी हे भोगलं आहे. मालवणचा सागरी अभयारण्याचा २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७मध्ये घोषित झाला, त्याच्या आतच बहुतेक पर्यटक उतरतात. तापाने थकलेल्या प्रवाळावर ज्यांना अजून तरंगणं साधलेलं नाही अशा शेकडो नवख्यांची फिन्स आपटावीत, वाळू उडून त्यावर बसावी, माशांना बिस्किटं टाकली जावीत, याला मी मजा म्हणू शकत नाही. “पण सगळे जानेवारीतच गेले तर मालवणकरांनी उरलेलं वर्ष काय खायचं?” हा प्रश्नही रास्त आहे. पण आज गर्दी होते कधी? दिवाळीचे दहा दिवस, नाताळचा आठवडा आणि मेचे वीस दिवस. त्या दिवसांत खोली मिळत नाही, बोटीला रांग, आणि एकेका प्रशिक्षकाच्या हाताखाली पाळीपाळीने माणसं. जानेवारी ते मार्चचे मधले आठवडे मात्र रिकामे जातात. डिसेंबर ते एप्रिलचे पहिले पंधरा दिवस हे साडेचार महिने भरले तर तिथल्या घरांना काम अधिक सलग मिळेल, कमी नाही.

आता रजेकडे येतो, कारण खरा अडसर तिथे आहे. घरातली सगळी माणसं एकदम गेली पाहिजेत, हा हट्ट आधी सोडावा लागेल. दहा वर्षांखालच्या मुलाला समुद्रात स्कूबा करता येत नाही, हा आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थांचा नियम आहे. लहान मुलं असलेल्या घरात मेची सुट्टी धरून काही साधत नाही, कारण ती मुलं किनाऱ्यावरच थांबणार. त्यापेक्षा दोघांपैकी एकाने किंवा मित्रांच्या गटाने २६ जानेवारी किंवा १९ फेब्रुवारी यांना जोडून दोन दिवसांची रजा घ्यावी. मालवणसाठी तेवढी पुरते. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवसांवर आलं आहे. चार महिने आधी अंधारात तारीख धरण्याची सक्ती आता नाही. डिसेंबराच्या पाण्याचा अंदाज घेऊन फेब्रुवारीची तिकिटं काढता येतात, मांडवी किंवा तुतारीत ठाण्याहून बसता येतं, कुडाळला उतरलं की मालवण तासाभरावर. मुलं दहा-बाराची असतील आणि सुट्टी फक्त मेमध्येच असेल, तर मग तारीख सोडू नका, समुद्र सोडा. मेमध्ये बालीचा कोरडा हंगाम सुरू झालेला असतो. थायलंडमध्ये अंदमान समुद्राकडची सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात, आणि त्याच वेळी आखाताकडच्या को ताओला पाणी चांगलं असतं. एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांचे हंगाम उलटे असू शकतात, हे तिकीट काढण्याआधी ध्यानात घ्या.

“हे सगळं परवडणाऱ्यांसाठी झालं,” असं विरोधी पक्ष म्हणेल, आणि त्याला माझ्याकडे याहून स्वस्त उत्तर आहे. स्कूबाच्या प्राथमिक प्रमाणपत्राचे तीन भाग असतात : अभ्यास, तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह. पहिले दोन भाग समुद्राशिवाय होतात. मेच्या सुट्टीत मुलांसह ते दोन भाग शहरातल्या तरणतलावात करा, श्वास आणि तरंगणं तिथेच शिका, डॉक्टरांकडून कान आणि छाती तपासून घ्या. समुद्रातल्या चार डाइव्ह संस्थेच्या परवानगीने पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवता येतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे किंवा दुसऱ्या केंद्रात तारीख घेताना दोन गोष्टी आधी विचारा : समुद्र खराब निघाला तर पैसे परत मिळतील की तारीख बदलून मिळेल, आणि एका प्रशिक्षकाकडे किती माणसं असतील. परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा आणि तिथी अष्टमीच्या जवळची धरा. शाळेतून दोन दिवसांची रजा मुलालाही मागता येते.